मदत पोहोचली, पण फरक पडला का? परदेशी मदत तपासायला शिकताना

केनियाच्या पश्चिम टोकाला, युगांडाच्या सीमेला चिकटून बुसिया नावाचा जिल्हा आहे. जवळच व्हिक्टोरिया सरोवर, मक्याची लहान लहान शेतं आणि गरीब शाळा. १९९०च्या दशकात एक डच संस्था या शाळांना मदत करत होती आणि मायकेल क्रेमर हा अमेरिकी अर्थतज्ज्ञ तिच्याबरोबर काम करत होता. त्यांनी पाठ्यपुस्तकं दिली, भिंतीवरचे तक्ते दिले, जंताच्या गोळ्या दिल्या. दर वेळी ‘किती वाटलं’ हे तर त्यांनी मोजलंच, पण ‘त्यानं काय झालं’ हेही मोजलं. या प्रकारच्या कामासाठी २०१९ साली क्रेमर, अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

मूल्यमापनाच्या कामात नव्यानं येणाऱ्यांना मी आधी बुसिया दाखवतो. आपल्याकडची योजना घेतली की समोरच्याचं मत आधीच तयार असतं: कुणाला ती सरकारची म्हणून आवडते, कुणाला त्याच कारणानं आवडत नाही. बुसियाशी आपलं काही देणंघेणं नसतं, त्यामुळे डोकं मोकळं राहतं. समाजकार्याची पदवी घेऊन संस्थेत रुजू झालेले, कंपनीच्या सीएसआर म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या विभागात बदलून आलेले किंवा एखाद्या दात्याचा अहवाल मराठीत आणण्याचं काम अंगावर पडलेले, अशा सगळ्यांसाठी हे लिहितो आहे. संख्याशास्त्र आलंच पाहिजे असं नाही. मात्र चौकस आणि थोडं खडूस असावं लागतं.

आधी पैसा ओळखा

‘परदेशी मदत’ या दोन शब्दांत फार वेगवेगळ्या गोष्टी कोंबलेल्या असतात. फुकट दिलेलं अनुदान असतं, कमी व्याजाचं कर्ज असतं, धान्य असतं, सल्लागारांचा पगारही असतो. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनसाठी जपाननं दिलेलं कर्ज ०.१ टक्के व्याजाचं, ५० वर्षांत फेडायचं आहे. तेही सवलतीचंच, पण ते तपासताना लावायचे प्रश्न आणि बुसियातल्या पुस्तकांना लावायचे प्रश्न एक कसे असतील?

दुसरं, देणाऱ्याला नेमकं काय हवं होतं ते पाहा. मलेशियातल्या पर्गाऊ धरणाला ब्रिटननं मदत दिली तेव्हा त्यांचेच अधिकारी सांगत होते की हा प्रकल्प परवडणारा नाही. तरी पैसा गेला, कारण त्याचे धागे शस्त्रविक्रीच्या बोलण्यांशी जुळले होते. १९९४ साली लंडनच्या न्यायालयानं ती मदत बेकायदा ठरवली. अशा मदतीनं विकास झाला का, हे विचारण्याआधी ती विकासासाठी होती का, हे विचारावं लागतं.

याच टप्प्यावर कुणीतरी तुमच्या हातात सहा रकान्यांचा तक्ता देईल. श्रीमंत देशांच्या ओईसीडी या संघटनेच्या समितीनं १९९१ साली मूल्यमापनाचे पाच निकष ठरवले आणि २०१९ साली सहावा जोडला. गरजेशी मेळ, इतर कामांशी मेळ, उद्दिष्ट गाठलं का, काटकसर, दूरवरचा परिणाम आणि टिकाऊपणा, असे ते निकष. तक्ता वाईट नाही. पण नवा माणूस तो हातात पडला की फॉर्म भरल्यासारखा भरत सुटतो आणि सहाही रकान्यांत ‘समाधानकारक’ लिहून मोकळा होतो. तो बाजूला ठेवा, शेवटी उपयोगी पडेल.

कडी कडी सुटी करा

एक कोरा कागद घ्या. वरच्या टोकाला पैसा आणि खालच्या टोकाला माणसाच्या आयुष्यातला बदल लिहा. मधे काय काय घडावं लागेल ते एकाखाली एक मांडा. पाठ्यपुस्तकांचं उदाहरण घ्या. पुस्तकं विकत घेतली, शाळेत पोहोचली, कपाटातून बाहेर आली, मुलांच्या हातात पडली, मुलांना वाचता आली, वाचलेलं कळलं, परीक्षेत मार्क वाढले. आता प्रत्येक ओळीपुढे विचारा: हे होणार नाही असं एखादं कारण आहे का?

बुसियात हीच साखळी मधेच तुटली. पुस्तकं शाळेत पोहोचली, मुलांना मिळाली, पण सरासरी मार्क वाढले नाहीत. आधीपासून हुशार असलेल्या मुलांना तेवढा फायदा झाला. पुस्तकं इंग्रजीत होती आणि तिथल्या बऱ्याच मुलांची इंग्रजी ही तिसरी भाषा. घरी एक बोली, बाजारात स्वाहिली आणि मग शाळेत इंग्रजी. मधल्या फळीतल्या मुलाला ते पुस्तक वाचताच येत नव्हतं. हिशेबाच्या वहीत मात्र सगळं चोख: एवढी पुस्तकं आली, एवढी वाटली, सही-शिक्का.

आपल्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर युटिलायझेशन सर्टिफिकेट, म्हणजे निधी ठरल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला, हे साखळीतल्या दुसऱ्या-तिसऱ्या कडीचं प्रमाणपत्र असतं. पैसा खाल्ला नाही, एवढंच ते सांगतं. तेही महत्त्वाचं आहेच. पण ‘१०० टक्के निधी खर्च’ हे वाक्य अहवालात यश म्हणून छापलेलं दिसलं की मला हसू येतं. खर्च करणं अवघड कधीच नव्हतं.

साखळी आधी कागदावर मांडली असती तर टळला असता असा एक प्रसिद्ध फजितवाडा म्हणजे प्लेपंप. मुलांनी गोल फिरणाऱ्या चक्रावर खेळायचं, त्या फिरण्यानं जमिनीतलं पाणी वर चढायचं, टाकी भरायची. दक्षिण आफ्रिकेतली ही कल्पना सगळ्यांना इतकी गोड वाटली की २००६ साली अमेरिकेत तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी लॉरा बुश यांच्या उपस्थितीत तिच्यासाठी १ कोटी ६४ लाख डॉलरची घोषणा झाली. साध्या हातपंपाच्या कित्येक पट किंमत. नंतर एका ब्रिटिश वृत्तपत्रानं गणित मांडलं: ठरवलेल्या लोकसंख्येला पुरेल एवढं पाणी काढायचं तर मुलांना दिवसाचे २७ तास खेळावं लागेल. प्रत्यक्षात काय झालं? मुलं कंटाळली आणि बायकांना ते चक्र ढकलत फिरावं लागलं. ‘मुलं रोज किती वेळ खेळतील?’ एवढी एक कडी कुणी बोट ठेवून वाचली नव्हती.

मदत नसती तर?

इथे थोडं थांबून वाचा. या कामातला निम्म्याहून जास्त घोटाळा याच ठिकाणी होतो.

पाणलोटाचं काम घ्या, म्हणजे आपल्याला लगेच कळेल. दुष्काळाच्या वर्षी गावाची निवड झाली, बेसलाइन सर्व्हे म्हणजे कामाआधीची पाहणी झाली, विहिरी कोरड्या. तीन वर्षं बांधबंदिस्ती, चर, बंधारे. चौथ्या वर्षी विहिरींना पाणी, ज्वारी चांगली, अहवालात रंगीत फोटो. पण चौथ्या वर्षी पाऊस किती पडला होता? कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली असेल, तर श्रेय कावळ्याला देऊन चालत नाही. त्यातून मदत बहुतेक वेळा वाईटात वाईट वर्षी, वाईटात वाईट ठिकाणी येते. तिथून पुढचं वर्ष आपोआप थोडं बरं असण्याचीच शक्यता जास्त.

‘आधी आणि नंतर’ची ही चूक मोठमोठ्यांकडूनही होते. जेफ्री सॅक्स या अमेरिकी अर्थतज्ज्ञाच्या पुढाकारानं आफ्रिकेत मिलेनियम व्हिलेजेस हा प्रकल्प सुरू झाला. त्यातलं पहिल्या गावांपैकी एक सौरी, तेही पश्चिम केनियातलंच. खत, बियाणं, दवाखाना, शाळेतलं जेवण, मच्छरदाण्या, सगळं एकदम द्यायचं आणि गाव गरिबीतून वर काढायचं, अशी कल्पना. प्रगतीच्या अहवालात मोबाइल फोन असलेल्या घरांची वाढही मोजली होती. मायकेल क्लेमेन्स आणि गॅब्रिएल डेमॉम्बाइन्स या दोन अर्थतज्ज्ञांनी साधं काम केलं: त्याच वर्षांत त्याच देशातल्या बाकीच्या गावांत काय झालं ते पाहिलं. फोन सगळीकडेच वाढत होते. प्रकल्पानं नोंदवलेल्या इतर काही बदलांचंही तेच.

२०१२ साली एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात या प्रकल्पाचा लेख आला. प्रकल्पाच्या गावांत बालमृत्यू देशांच्या सरासरीच्या तिप्पट वेगानं कमी झाले, असा त्यात दावा होता. पण गावांचा वेग अलीकडच्या वर्षांचा होता आणि देशांचा वेग जुनी, संथ वर्षं धरून काढला होता. सारखी वर्षं घेतल्यावर आघाडी उरलीच नाही. लेखकांना तो दावा मागे घ्यावा लागला. या मंडळींच्या प्रामाणिकपणावर मला शंका नाही. आपलं पोर हुशार वाटतं, त्यातलीच ती गोष्ट. म्हणूनच तुलना दुसऱ्यानं करावी.

तुलना कशी करायची, याचं साधं गणित बघा. समजा प्रकल्पाच्या गावांत शाळेतली हजेरी ६० टक्क्यांवरून ७२ वर गेली. त्याच काळात शेजारच्या, मदत न मिळालेल्या गावांत ती ५८ वरून ६७ वर गेली. मग प्रकल्पाच्या खात्यावर १२ नाही, ३ टक्के जमा होतात. ९ टक्के तसेही येणारच होते. यातही एक गृहीत लपलेलं आहे: मदत नसती तर दोन्हीकडची गावं एकाच चालीनं चालली असती. म्हणून शेजारची गावं निवडताना आधीच्या तीन-चार वर्षांची चाल तपासा. ‘जवळ आहे आणि गाडी जाते’ एवढ्यावर गाव निवडू नका.

आणि नुसतं ‘ज्यांच्याकडे आहे’ विरुद्ध ‘ज्यांच्याकडे नाही’ असं तर मुळीच करू नका. बुसियातल्या तक्त्यांची गोष्ट यासाठी पाठ करून ठेवावी. ज्या शाळांत भिंतीवर तक्ते आधीपासून होते, तिथल्या मुलांचे मार्क चांगले दिसत होते. तेवढ्यावरून निष्कर्ष काढला असता तर तक्ते म्हणजे जादूची कांडीच. मग १७८ शाळा घेऊन त्यातल्या निम्म्या शाळांना तक्ते दिले आणि मार्क पाहिले. फरक शून्य. ज्या शाळेचे हेडमास्तर धडपडे, पालक जागरूक, त्या शाळेनं तक्तेही मिळवले होते आणि मार्कही. तक्ते धडपडीची खूण होते, कारण नव्हते.

यावरचा सर्वांत सरळ उपाय म्हणजे चिठ्ठ्या टाकणं. पात्र शाळांची यादी करा, चिठ्ठ्या टाका, निघालेल्यांना मदत द्या, उरलेल्यांशी तुलना करा. कोण धडपडं, कोण आळशी, कोण आमदारांच्या गावचं, सगळं दोन्ही बाजूंना सारखं विभागलं जातं. ‘उरलेल्यांना वंचित ठेवायचं?’ हा प्रश्न प्रत्येक बैठकीत येतो आणि तो रास्त आहे. बुसियातल्या जंताच्या प्रकल्पानं त्याचं उत्तर वेळापत्रकात शोधलं. ७५ शाळा होत्या. सगळ्यांना एकदम गोळ्या देणं जमणार नव्हतंच. २५ शाळांना १९९८ पासून, पुढच्या २५ शाळांना १९९९ पासून आणि शेवटच्या २५ शाळांना २००१ पासून. नाहीतरी रांग लागणारच होती, मग तिच्यातला क्रम तुलनेसाठी वापरला.

जाता जाता एक गंमत. त्या प्रकल्पात खऱ्या अर्थानं चिठ्ठ्या टाकल्याच नव्हत्या. शाळांची नावं भागवार, अक्षरांच्या क्रमानं लिहून ‘एक, दोन, तीन, एक, दोन, तीन’ असं मोजलं होतं. बहुतेक वेळा हे चालून जातं, पण टीकाकार त्यावर बोट ठेवतात. चिठ्ठ्या टाकायच्याच असतील तर गावासमोर, मुलाच्या हातानं टाका आणि त्याचा व्हिडिओ ठेवा. वशिल्याची शंका पुढे वर्षभर छळते.

धरण, महामार्ग, एखाद्या देशाच्या अर्थसंकल्पाला थेट दिलेला पैसा, यांच्यासाठी चिठ्ठ्या टाकता येत नाहीत. देशच एक, निम्मा कसा करणार? तिथे कागदपत्रं, मुलाखती, घटनांचा क्रम यांवर भिस्त ठेवावी लागते आणि निष्कर्षाचा आवाजही त्या मानानं खाली ठेवावा लागतो. जे मोजता येतं तेवढंच करण्याजोगं, असा समज मात्र करून घेऊ नका.

रजिस्टरवर विसंबू नका

जंताच्या प्रकल्पात मुलांची हजेरी मोजायला शाळेचं रजिस्टर वापरलं नाही. माणसं आगाऊ न कळवता शाळेत जायची आणि वर्गात कोण बसलंय ते नावानिशी बघायची. खर्चिक पद्धत, पण रजिस्टर म्हणजे काय असतं हे आपल्याला वेगळं सांगायला नको. ज्या आकड्यावर कुणाचं अनुदान, बढती किंवा नाचक्की अवलंबून आहे, तो आकडा त्याच माणसाकडून घेऊ नये.

प्रश्न विचारण्यातही गोम असते. माझ्या सुरुवातीच्या एका सर्व्हेत परदेशी पैशांतून झालेली नळयोजना होती. आम्ही विचारलं, ‘नळाचं पाणी मिळतं का?’ जवळजवळ सगळ्यांनी हो म्हटलं. आम्ही खूश. परतताना एका आजींनी चहाला थांबवलं आणि पोरीला हांड्यातलं पाणी जपून घ्यायला सांगितलं, ‘आज सहावा दिवस हाय.’ नळ होता, पाणीही मिळत होतं, आठवड्यातून एकदा. उत्तर खोटं नव्हतं, प्रश्न बिनकामाचा होता. तेव्हापासून आम्ही विचारतो: ‘काल नळाला पाणी आलं का? परवा?’ काल आणि परवा यांच्यापुढे शिष्टाचार टिकत नाही.

गाडीवर दात्याचं बोधचिन्ह असेल तर ती गावाबाहेर उभी करा. हे कुठल्याही प्रशिक्षणात सांगत नाहीत. पण ते चिन्ह बघून लोक एकतर कौतुक करतात, नाहीतर पुढच्या मदतीसाठी परिस्थिती वाईट सांगतात. दोन्ही आपल्या कामाचं नाही.

सरासरीच्या आत कोण आहे?

पुस्तकांचा फायदा हुशार मुलांना झाला हे वर आलंच. सरासरी शून्य असली तरी आत कुणाचं तरी भलं झालेलं असू शकतं, आणि सरासरी उत्तम असली तरी कुणाचं तरी वाटोळं झालेलं असू शकतं.

दुसऱ्या प्रकाराचं उदाहरण आपल्या घरचंच आहे. जर्मनीच्या पैशांतून, नाबार्डमार्फत महाराष्ट्रात इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम चालला. तो उभा करणाऱ्या फादर हर्मन बाखर यांचं नाव नगरकडच्या जुन्या कार्यकर्त्यांना अजून आठवतं. कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी या त्यातल्या अटी. डोंगर हिरवे झाले हे खरंच. जॉन केर हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्र आणि आंध्रमधल्या ८६ गावांतली वेगवेगळी पाणलोट कामं तपासली. लोकांना सोबत घेणारी, संस्थांनी चालवलेली कामं नुसत्या सरकारी कामांपेक्षा सरस ठरली. पण त्याच अभ्यासात भूमिहीनांची आणि शेळ्या-मेंढ्या पाळणाऱ्यांची तक्रारही नोंदली आहे: आमचं चरायचं रान गेलं. पाणी वाढलं ते विहीरवाल्याच्या विहिरीत, बंदी आली ती मेंढपाळाच्या वाटेवर. तुमच्या यादीत फक्त ‘लाभार्थी’ असतील तर हा माणूस तुम्हाला भेटणारच नाही. म्हणून प्रत्येक गावात यादीबाहेरची पाच-सहा घरं मुद्दाम गाठा.

कधी उलटंही होतं. जंताची गोळी घेतलेल्या मुलामुळे न घेतलेल्यांनाही फायदा झाला, कारण मातीत अंडी कमी पडली. म्हणजे एकाच शाळेतल्या मुलांत वाटणी केली असती तर तुलनेच्या गटालाही अर्धीमुर्धी मदत मिळाली असती आणि फरक होता त्यापेक्षा लहान दिसला असता. म्हणूनच तिथे मुलामुलांत नाही, शाळाशाळांत वाटणी केली होती.

पैशाला किती?

चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, हे मदतीच्या धंद्यात नेहमीचं. परिणाम झाला की नाही एवढ्यावर थांबू नका, किती पैशांत झाला ते विचारा. सल्लागारांची विमानभाडी, राजधानीतलं ऑफिस, तुमच्या स्वतःच्या सर्व्हेचा खर्च, सगळं धरा. गोळ्यांनी शाळेतली गैरहजेरी सुमारे एक चतुर्थांशानं घटली आणि एका मुलाचं शाळेतलं एक जादा वर्ष साधारण साडेतीन डॉलरला पडलं, असा हिशेब क्रेमर आणि एडवर्ड मिगेल यांनी २००४ साली मांडला. एकटा आकडा बोलत नाही. गणवेश देऊन, शिष्यवृत्ती देऊन, जादा शिक्षक नेमून तेच वर्ष कितीला पडलं असतं, याच्या शेजारी ठेवल्यावर तो बोलतो.

अलीकडे आणखी एक बोचरी तुलना करतात: एवढे पैसे सरळ माणसाच्या हातात दिले असते तर? रवांडात अमेरिकी सरकारच्या मदत संस्थेनं आपल्याच पोषण कार्यक्रमाला ही कसोटी लावली, २०१८ साली निकाल आला. वर्षभरात त्या कार्यक्रमानं मुलांच्या पोषणात फरक पडला नव्हता आणि तेवढ्याच खर्चाची रोख रक्कम देऊनही नव्हता. रक्कम बरीच मोठी दिली तिथे मात्र आहार सुधारला. स्वतःच्या प्रकल्पाला अशी परीक्षा द्यायला लावणाऱ्या अधिकाऱ्यांना माझा नमस्कार.

खर्चाच्याच ओघात एक पक्की समजूत तपासा. ‘फुकट दिलेल्याची किंमत राहत नाही, थोडे तरी पैसे घ्या’ हे आपण सगळेच म्हणतो, मीही म्हणायचो. जेसिका कोहेन आणि पास्कलिन द्युपा यांनी केनियात गरोदर बायकांना मच्छरदाण्या कुठे फुकट, कुठे थोड्या पैशांत दिल्या. ४० शिलिंग, म्हणजे साधारण ६० अमेरिकी सेंट किंमत लावताच घेणाऱ्यांचं प्रमाण ६० टक्क्यांच्या अंतरानं कोसळलं. आणि फुकट घेतलेल्यांनी ती वापरण्यात काही कुचराई केली नव्हती. अर्थात हे मच्छरदाणीबद्दल, त्यावरून गॅस शेगडीबद्दल बोलू नका.

इथे चाललं, तिथे चालेल?

जागतिक बँकेच्या कर्जातून १९८०पासून तमिळनाडूत पोषणाचा प्रकल्प चालला. मुलांचं वजन करायचं, कमी भरलेल्यांना पूरक आहार आणि आयांना काय खाऊ घालावं याचं शिक्षण. त्याचं नाव झालं. मग १९९५च्या सुमारास तोच साचा बांगलादेशात नेला. तिथे मुलांच्या पोषणात म्हणावा तसा फरक पडला नाही. बँकेच्याच मूल्यमापन विभागानं कारणं शोधली. शिकवलं होतं आईला, पण तिथल्या खेड्यांत बाजार करायला पुरुष जातात आणि एकत्र घरात ताटात काय पडायचं ते सासू ठरवते. आईला सगळं कळलं होतं, पण तिच्या हातात काही नव्हतं. हे वाचून आपल्याकडची कुठलीही अंगणवाडी सेविका म्हणेल, ‘एवढं कळायला बँक कशाला?’

तेव्हा परगावचा यशस्वी प्रकल्प उचलताना कागदावरची साखळी पुन्हा बाहेर काढा आणि प्रत्येक कडीपुढे ‘इथे कोण?’ लिहा. बाजार कोण करतं? गोळी कोण देतं? बुसियात दहातल्या नऊ मुलांच्या पोटात कुठला ना कुठला जंत होता. जिथे दहातल्या दोघांना आहे तिथे तीच गोळी तेवढा फरक कसा पाडेल? आपल्याकडे २०१५पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन होतो, शाळा-अंगणवाड्यांत अल्बेंडाझोलची गोळी देतात. ती द्यावी की नाही, हा वेगळा प्रश्न. बुसियाचा आकडा जसाच्या तसा मेळघाटाला किंवा मुंबईला चिकटवू नका, एवढंच म्हणणं आहे.

तज्ज्ञ भांडतात तेव्हा

२०१५ साली लंडनच्या आरोग्यशास्त्राच्या संशोधकांनी बुसियाचा तोच डेटा पुन्हा तपासला. त्यात गणनेच्या चुका सापडल्या. लांबच्या शाळांपर्यंत फायदा पोहोचल्याचा दावा त्यामुळे डळमळला. त्याच वर्षी कॉक्रेन या वैद्यकीय संस्थेच्या आढाव्यानं सांगितलं की सरसकट जंतनाशक देऊन पोषण किंवा शालेय प्रगती सुधारते याला भक्कम पुरावा नाही. अर्थतज्ज्ञांनी उत्तर दिलं, साथरोगतज्ज्ञांनी प्रत्युत्तर दिलं. बाहेर त्याला ‘जंतयुद्ध’ असंच नाव पडलं.

नवा माणूस अशा वेळी एका बाजूला जाऊन बसतो. त्याऐवजी वादाचे तुकडे करा. शाळेतली हजेरी वाढली, यावर भांडण किती? मार्क वाढले नाहीत, हे तर मूळ लेखकांनीच लिहिलं होतं. भांडण लांबच्या शाळांबद्दल आहे की एकूणच? दोघं एकाच डेटाकडे बघतायत की वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांची सरासरी काढतायत? तुकडे केल्यावर बराचसा धुरळा बसतो. आणि हेही लक्षात घ्या की चुका सापडल्या, कारण मूळ लेखकांनी आपला डेटा दुसऱ्यांच्या हाती दिला. जो देत नाही त्याच्या चुका कुणाला सापडणार?

गेलेली माणसं शोधा

बुसियातल्या त्या मुलांना संशोधकांनी वीस वर्षं सोडलं नाही. गाव सोडून गेलेल्यांनाही गाठलं, नैरोबीत, सीमेपलीकडे, जिथे असतील तिथे. ज्यांना दोन-तीन वर्षं जास्त गोळ्या मिळाल्या होत्या त्यांचा वीस वर्षांनंतरचा घरखर्च सुमारे १४ टक्क्यांनी जास्त निघाला, ताशी कमाई १३ टक्क्यांनी. हे २०२१ साली छापून आलं. गावात उरलेल्यांनाच विचारलं असतं तर हा आकडा काढताच आला नसता, कारण कमवायला माणूस गावाबाहेर जातो.

हे मी ठेच लागून शिकलो. बीडकडच्या एका कामात आमची बेसलाइन ऑगस्टमध्ये झाली आणि मुदत संपत आली म्हणून एंडलाइन, म्हणजे शेवटची पाहणी, जानेवारीत उरकली. घराघरातलं उत्पन्न छान वाढलेलं. वरिष्ठ खूश, दाता खूश. सादरीकरणाच्या आदल्या रात्री सोबतच्या मुलानं यादी पुढे केली: पहिल्या वेळी भेटलेली कितीतरी घरं दुसऱ्या वेळी ‘कुलूप’ म्हणून सोडली होती. ती ऊसतोडीला गेली होती, दसऱ्यानंतर, बैलगाडी आणि पोरांसकट. सगळ्यांत गरीब घरं यादीतून गळली आणि उरलेल्यांची सरासरी आपोआप वर चढली. आम्ही सादरीकरण पुढे ढकललं, बोलणी खाल्ली आणि एप्रिलमध्ये टोळ्या परतल्यावर पुन्हा गेलो. तेव्हाची वाढ आधीच्या निम्मीही नव्हती.

त्यानंतर बेसलाइनच्या प्रत्येक फॉर्मवर आम्ही शेवटी एक ओळ वाढवली: ‘दसऱ्यानंतर कुठे असाल, मुकादम कोण, आणि फोन कुणाचा लावायचा?’